शरणपूरचीं मुलें

नाशकास यात्रेला, लग्नकार्याला किंवा बदलीवर गेलेल्या मनुष्याचे पाय शरणपूर रोडला लागले नाहींत, असें सहसा होत नाहीं. आज त्या रस्त्यावर दुकानें, बँका, दवाखाने आणि वाहनांची अखंड रांग आहे. ‘शरणपूर’ हें नांव एखाद्या जुन्या देवस्थानावरून पडलें असावें, अशी माझी स्वतःची पुष्कळ वर्षें समजूत होती. गोदातीरावर अशा नांवांचा काय तोटा? पण तें देवळावरून आलेलें नाहीं. शरण आलेल्यांसाठीं वसविलेलें गांव तें शरणपूर, इतका त्याचा सरळ अर्थ आहे. आणि तेथें शरण आलेल्यांत एके काळीं अशीं मुलें होतीं कीं, ज्यांनीं गोदावरीचें नांव जन्मांत ऐकलेलें नव्हतें, ज्यांना आपल्या आईचा चेहरा नीट आठवत नव्हता, आणि ज्यांची बाजारांत एकदां तरी किंमत ठरून गेलेली होती.

तीं मुलें तेथें कशीं आलीं, त्यांना जवळ करणाऱ्याच्या मनांत आधीं काय होतें, व मोठेपणीं त्या मुलांनीं काय केलें, ही हकीकत घरांतील वडील मंडळींनीं आणि मुलांनीं एकत्र बसून वाचावी अशी आहे. ती सर्वच गोड आहे असें मात्र नाहीं.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडांतील संस्थेचें काम नाशकांत १८३२ सालीं सुरू झालें. त्या संस्थेचे विल्यम सॉल्टर प्राइस हे १८५०च्या सुमारास हिंदुस्थानांत आले. त्यांचा जन्म १८२६चा. म्हणजे वयाची पंचविशीही उलटलेली नव्हती. ईश्वरानें आपणांस बोलाविलें आहे अशी या तरुणाची दृढ श्रद्धा होती, आणि कशासाठीं बोलाविलें आहे याविषयींही त्याला संशय नव्हता. उपदेश करावयाचा, लोकांनीं तो ऐकावयाचा आणि ख्रिस्ताला शरण जावयाचें! परंतु नाशिक म्हणजे रामकुंड, काळाराम आणि सिंहस्थ यांचें गांव. येथें उपदेश ऐकून घेण्यास माणसें कमी नव्हतीं, वाद घालण्यास तर मुळींच कमी नव्हतीं. पटवून घेणारीं मात्र फार थोडीं. आणि जीं थोडीं तिकडे गेलीं त्यांचें घर सुटलें, धंदा सुटला, विहिरीवरचें पाणीही सुटलें. आपला उपदेश ऐकणाऱ्याला राहावयास छप्पर नाहीं, हें प्राइस यांच्या पहिल्यानें लक्षांत आलें. म्हणून १८५४च्या सुमारास त्यांनीं गांवाबाहेर ही वस्ती वसविली. तेथें घरें झालीं, शाळा झाली, सुतारकामाचे व लोहारकामाचे कारखाने झाले. पोरकीं मुलें येऊं लागलीं. धर्मोपदेशासाठीं आलेला मनुष्य हळूहळू मुलांच्या अंथरुणापांघरुणाचा, खरजेचा, तापाचा आणि रंध्याकरवतीचा हिशेब पाहूं लागला. बोलावणें आलें होतें खरें. पण तें कोणत्या कामाचें, हें त्यांना येथें आल्यावर कळलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां समुद्रापलीकडची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. पूर्व आफ्रिकेंत न्यासा सरोवराच्या भोंवतालच्या मुलखांत त्या काळीं गुलामांचा व्यापार जोरांत चालला होता. खेडीं लुटावीं, माणसें धरावीं, त्यांना साखळीनें जोडून किनाऱ्यावर किलव्याच्या बंदरापर्यंत चालवीत आणावें, तेथून झांझिबारच्या बाजारांत उभें करावें, आणि पुढें गलबतांत कोंबून अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठवावें, असा हा क्रम. वाटेंत किती मेले याची मोजदाद कोणी ठेवीत नसे. मुलांना मागणी विशेष, कारण तीं पळून जात नाहींत आणि घरची आठवण लौकर विसरतात, असा व्यापाऱ्यांचा अनुभव! इंग्रजांचीं लढाऊ जहाजें अशीं गलबतें समुद्रांत अडवीत आणि आंतील माणसें मोकळीं करीत. परंतु मोकळें केलेलें सातआठ वर्षांचें पोर पोंचवावयाचें कोठें? त्याला आपल्या गांवाचें नांव सांगतां येत नसे. सांगतां आलें तरी तें गांव शिल्लक असेलच असा नेम नव्हता. आणि किनाऱ्यावर सोडलें तर आठ दिवसांत तें पुन्हां विकलें जावयाचें. म्हणून अशीं कांहीं मुलें एडनला, कांहीं सेशेल्स बेटांवर, आणि कांहीं मुंबईस उतरविलीं जात. मुंबईंत तीं पोलिसांच्या हवालीं होत व कोणाच्या तरी घरीं वाटलीं जात. त्यांतील पुष्कळांच्या नशिबीं काय येई, तें सांगावयास नको.

हीं आफ्रिकन मुलें १८६०च्या सुमारास शरणपूरला येऊं लागलीं. मुंबईंत त्यांची व्यवस्था पाहणारे आयझेनबर्ग नांवाचे एक जर्मन गृहस्थ याच सोसायटींत होते. त्यांचाही या कामीं मोठा भाग आहे. नाशिकच्या बाजारांतून हीं काळींसावळीं, कुरळ्या केसांचीं मुलें रांगेनें जाऊं लागलीं तेव्हां लोक कसे पाहत असतील, याची कल्पना आपणच करावी. मुलांमुलांत आपसांतही एक भाषा नव्हती. कोणी याओ, कोणी आणखी कोणी. इंग्रजी त्यांना शिकविलें जाई, आणि हिंदुस्थानी बोलणें भोंवतालच्या माणसांकडून येई. सकाळीं पुस्तक व नंतर हत्यार, असा शिक्षणाचा बेत होता. आपल्याकडे बुनियादी शिक्षणाची चर्चा पुढें पुष्कळ झाली. त्या चर्चेंत शरणपूरचें नांव कोणीं घेतल्याचें मला आठवत नाहीं.

मुलांना नांवें नवीं दिलीं गेलीं. बाप्तिस्म्याचें एक नांव आणि मागें एखाद्या पाद्र्याचें किंवा देणगीदाराचें आडनांव. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फरार, मॅथ्यू वेलिंग्टन, जेकब वेनराइट. आईनें हांक मारलेलें नांव कोठें गेलें? जहाजावर गेलें, कीं बाजारांत गेलें, कीं शाळेच्या पटावर चढतांना गेलें, हें आतां कळावयास मार्ग नाहीं. ज्यानें छप्पर दिलें त्यानेंच नांव पुसलें, हें या हकीकतींतलें शल्य आहे, आणि तें झांकून पुढें जाणें बरें नव्हे.

येथें एखादे आजोबा चष्मा वर करून म्हणतील, “शेवटीं बाटविलींच ना?” आक्षेप खोटा नाहीं. आठ वर्षांच्या पोराला धर्म निवडतां येत नाहीं. जो जेवावयास घालतो त्याचा धर्म त्याला लागतो. मुलांना वाचविणें आणि मुलांना आपल्या पंथांत घेणें या दोन गोष्टी प्राइस यांच्या मनांत निराळ्या नव्हत्याच. मला त्या निराळ्या वाटतात. पण आजोबांचा आक्षेप मान्य केला म्हणजे दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो: तीं मुलें पंचवटींत आलीं असतीं तर आपण त्यांना काय दिलें असतें?

आपल्याकडे दया नव्हती असें नाहीं. आमच्याच घरीं गुरुवारीं वारावर जेवणारा एक विद्यार्थी येत असे, असें आजी सांगे. तो पंक्तीच्या शेवटीं बसे, ताट स्वतः उचली, आणि परीक्षा पास झाल्यावर पहिला नमस्कार आजीला करून गेला. वार आणि माधुकरी यांवर या महाराष्ट्रांत केवढे विद्वान वाढले! पुण्याचें अनाथ विद्यार्थी गृह १९०९ सालीं दादासाहेब केतकरांसारख्यांनीं उभें केलें, त्यालाही आधार याच संवयीचा होता. परंतु आजीच्या पंक्तीला बसणाऱ्या मुलाचें गोत्र आधीं विचारलें जाई. दयेचा उंबरठा होता आणि तो जातीचा होता. १९३० सालच्या मार्चमध्यें काळारामाच्या दरवाजांत डॉ. आंबेडकर व दादासाहेब गायकवाड यांचा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हां बाहेर थांबविलेली माणसें कोणा परक्या देशांतून गलबतानें आलेलीं नव्हतीं. तीं याच जिल्ह्यांतलीं, रामाचें नांव घेणारीं होतीं. सत्याग्रह पांच वर्षें चालला, आणि दरवाजा उघडला नाहीं. मग न्यासा सरोवराकडच्या पोराची कथा कशास?

हा उंबरठा किती उंच असतो हें नाशिकजवळच्याच जलालपूरच्या एका मुलीनें आपल्या वाचकांना चांगलें दाखविलें आहे. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म तेथें १८६८ सालीं झाला. माहेरीं वडिलांचें सोंवळें विलक्षण. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत यावयाचा नाहीं. पतीनें, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं, १८९५ सालीं धर्म बदलला, तेव्हां लक्ष्मीबाई त्यांच्यापासून कांहीं वर्षें दूर राहिल्या. पुढें एकत्र आल्यावरही त्यांचा स्वयंपाक निराळा आणि पाणी निराळें. जातिभेद देवानें केलेला नसून माणसांनीं केला आहे, हें त्यांच्या मनानें एकदां घेतलें, आणि मग तें सोंवळें जें सुटलें तें कायमचें. परक्यांचीं पोरें त्यांच्या घरांत पोटच्यांसारखीं वाढलीं तीं त्यानंतरचीं. ‘स्मृतिचित्रें’ हें त्यांचें पुस्तक आपल्या बहुतेक घरांतून असतें. विनोदासाठीं तें वाचतात, आणि वाचावेंच. पण पोरक्या मुलाला उचलून घेण्याआधीं एका बाईला स्वतःच्या घरांत किती भिंती पाडाव्या लागल्या, यासाठींही तें एकदां पुन्हां उघडावें. त्या १९३६ सालीं वारल्या.

असो, शरणपूरच्या मुलांकडे वळूं.

आफ्रिकेचा प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ सालीं मुंबई इलाख्यांत आला होता. पुढच्या वर्षींच्या सफरीसाठीं त्याला माणसें हवीं होतीं. नाशिकच्या शाळेंतले नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशींत या नऊ जणांविषयीं तक्रारी पुष्कळ आहेत: आळशी आहेत, ओझें उचलीत नाहींत, मागें रेंगाळतात. कित्येकांनीं वाटेंतच साथ सोडली. सुताराची करवत हातीं धरलेल्या मुलांना अरण्यांतून डोक्यावर पेट्या वाहण्याची संवय कोठून असणार? शिवाय ज्या वाटेनें आपणांस साखळीनें आणलें त्याच वाटेनें पुन्हां आंत जावयाचें, यांत मनाची काय अवस्था झाली असेल, हें रोजनिशी लिहिणाऱ्याच्या ध्यानांत फारसें आलेलें दिसत नाहीं. तरी एडवर्ड गार्डनर हा त्यांतलाच एक शेवटपर्यंत राहिला.

१८७२ सालीं नाशिकच्या तरुणांची दुसरी तुकडी गेली. तींत जेकब वेनराइट होता. तो याओ जातीचा. लहानपणीं विकला गेलेला, इंग्रजी जहाजानें सोडविलेला, शरणपुरांत शिकलेला. लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजीं, आजच्या झांबिया देशांतील चितांबो नांवाच्या गांवीं, झोंपडींत वारला. जवळ एकही गोरा मनुष्य नव्हता. तेथून पुढें जें झालें तें या नोकरांनीं आपण होऊन केलें. प्रेत तेथेंच पुरून घरचा रस्ता धरला असता तर त्यांना कोणीं विचारलें नसतें. त्यांनीं काळीज काढून एका झाडाखालीं पुरलें. जेकबनें इंग्रजी प्रार्थनापुस्तकांतून अंत्यविधीची प्रार्थना वाचली, आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरें कोरलीं. देह मीठ लावून उन्हांत वाळविला, सालींत व कापडांत गुंडाळला, आणि तें ओझें घेऊन हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत ते समुद्राकडे निघाले. वाटेंत कॅमेरॉन नांवाचा एक इंग्रज अधिकारी भेटला. त्यानें सल्ला दिला कीं प्रेत येथेंच पुरावें, पुढचा मुलूख धोक्याचा आहे. त्यांनीं ऐकलें नाहीं. १८७४च्या फेब्रुवारींत ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोंचले.

१८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत लिव्हिंग्स्टनचें दफन झालें, तेव्हां शवपेटी धरणाऱ्या मानकऱ्यांत जेकब वेनराइट उभा होता. नाशिकच्या शाळेंत शिकलेला मुलगा, इंग्लंडच्या राजांच्या थडग्यांमध्यें! या प्रवासाची त्यानें इंग्रजींत ठेवलेली रोजनिशी आजही उपलब्ध आहे.

पुस्तकी गोष्ट असती तर ती येथें संपली असती. जेकबचें पुढचें आयुष्य मात्र सुखाचें गेलें नाहीं. इंग्लंडांत त्याला सभांतून मिरविलें, मग परत पाठविलें. या मिशनांत थोडे दिवस, त्या मिशनांत थोडे दिवस, युगांडाच्या मुतेसा राजाकडे कांहीं काळ, असें करीत तो आजच्या टांझानियांतील उरांबो येथें १८९२ सालीं वारला. मुलांवर उपकार करणारीं माणसें जगांत आढळतात; मूल मोठें झाल्यावर त्याला आपल्या बरोबरीनें बसवून घेणारीं त्याहून विरळ. आपल्या वाराच्या मुलांनाही हा अनुभव आला नसेल असें नाहीं.

जेकबची कथा जगाला ठाऊक झाली. विल्यम जोन्सची तितकी झाली नाहीं. मला ती अधिक मोलाची वाटते.

जोन्स हाही गुलामींतून सुटून मुंबईस व तेथून नाशकास आलेला याओ मुलगा. १८६४ सालींच तो आणि इश्माएल सेमलर नांवाचा त्याचा सोबती आपापल्या बायकांसह मोंबासाजवळील राबाई या ठिकाणीं मिशनच्या कामाला गेले होते. पुढें १८७३ सालीं मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर हे झांझिबारास गेले, त्या वर्षींच्या जूनमध्यें तेथील सुलतानानें तहावर सही केली, आणि गुलामांचा बाजार कायद्यानें बंद झाला. समुद्रावर सुटलेल्या माणसांना आतां हिंदुस्थानांत न आणतां त्यांच्याच किनाऱ्यावर वसवावें असें ठरलें. हें काम कोणावर सोंपवावयाचें? मिशनला प्राइस यांचेंच नांव सुचलें. १८७४च्या अखेरीस ते आफ्रिकेस गेले, आणि १८७५ सालीं मोंबासाच्या समोर त्यांनीं नवी वस्ती वसविली, तिला फ्रिअरटाउन असें नांव पडलें. नाशिकचे शंभराहून अधिक आफ्रिकन स्त्रीपुरुष तिकडे गेले. सुतार, लोहार, शिक्षक, असे ते सर्व तयार होऊन गेले होते. शरणपूरचें आफ्रिकन अनाथगृह रिकामें झालें. वीस वर्षें खपून जें घर भरलें तें स्वतःच्या हातांनीं रिकामें करणें हें प्राइस यांना कसें वाटलें असेल, असा विचार मनांत येतो. पण मुलें मोठीं होऊन आपल्या देशीं चाललीं, याहून दुसरें मागणें तरी काय असावें?

जोन्स आणि सेमलर यांना १८८५ सालीं दीक्षा मिळून ते उपाध्याय झाले. त्याच वर्षीं बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. त्यांच्या तांड्यांतील उरलेलीं माणसें मोंबासापर्यंत परत आणलीं तीं जोन्स यांनीं. पण त्यांचें खरें काम राबाईचें. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळून आलेले गुलाम राबाईच्या टेकडीवर येत. मिशननें मालकांना शब्द दिला होता कीं, आम्ही पळून आलेल्यांना ठेवून घेणार नाहीं. शब्द पाळला नाहीं तर मालक हत्यारें घेऊन वस्तीवर चालून येणार, हेंही दिसत होतें. जोन्स यांच्या देखरेखीखालच्या राबाईस मात्र असे आश्रित शेंकड्यांनीं राहत होते. त्यांनीं शब्द मोडला काय? मोडला. ज्याला सातआठ वर्षांचा असतांना कोणीं तरी गलबतांतून उचलून घेतलें होतें, त्याच्या दारांत पाठीवर वळ उठलेला मनुष्य उभा राहिला असतां त्यानें दुसरें काय करावयाचें होतें, हें मला कोणीं सांगावें.

१८८८ सालीं हें प्रकरण पेटलें, तेव्हां तें निस्तरण्यासाठीं मिशननें कोणाला पाठविलें असेल? प्राइस यांना! साठी उलटून गेलेली, इंग्लंडांतील एका खेड्यांत स्वस्थपणें चर्चचें काम चाललेलें. ते तिसऱ्यांदा आफ्रिकेस गेले. मिशनचा शब्द त्यांना राखावयाचा होता, आणि शब्द मोडणारा त्यांच्याच शाळेंतला मुलगा होता. गुरुशिष्यांत खासगींत काय बोलणें झालें असेल तें असो. मॅकेंझी नांवाच्या, ईस्ट आफ्रिका कंपनीच्या अधिकाऱ्यानें तोड काढली: मालकांना दर माणशीं पंचवीस डॉलर भरपाई द्यावी आणि सर्वांना एकदमच मोकळें करावें. १ जानेवारी १८८९ रोजीं राबाईस सुमारें चौदाशें माणसांसाठीं मुक्ततेचीं पत्रें देण्याचा समारंभ झाला. कागदावर ज्याचें नांव, तो त्या दिवसापासून कोणाचाही गुलाम नाहीं.

प्राइस यांनीं या सफरीवर एक पुस्तक लिहिलें. तें १८९० सालीं निघालें. ते १९११ सालीं वारले. नाशिकच्या शाळेंत शिकलेला मॅथ्यू वेलिंग्टन हा फार वर्षें जगला. मोंबासास १९३५ सालीं तो वारला, तेव्हां लिव्हिंग्स्टनचा देह किनाऱ्याला आणणाऱ्यांतला तो अखेरचा मनुष्य समजला गेला. आज शरणपूर रोडवर सेंट अँड्र्यूज चर्च आहे. मोंबासाजवळ फ्रिअरटाउनची घंटा अजून जपून ठेवलेली आहे. गुलाम पकडणारे येत असल्याची सूचना देण्यासाठीं ती वाजवीत, असें तेथील लोक सांगतात. आणि स्वाहिली भाषेंत घंटेला ‘केंगेले’ म्हणतात म्हणून त्या चौकाला ‘केंगेलेनी’ असें नांव पडलें आहे.